बुधवारची पावती

डार्ला पेट्रिच मिसेस हेगलंडकडे कामाला लागून तीन आठवडे झाले होते, तेव्हा लोण्याचं प्रकरण घडलं.

डार्ला त्या वेळी चौपन्न वर्षांची होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना अंघोळ घालायची, दोन वेळचं करून ठेवायचं, बाजार आणून द्यायचा, हे तिचं काम. एजन्सी तासाला साडेसोळा डॉलर द्यायची. सकाळी टेकडीवर मिसेस हेगलंड, दुपारी पार खाली रेल्वे यार्डाजवळ पक्षाघात झालेले एक गृहस्थ. दोन्ही घरांना जिने होते. सरोवराकाठच्या आमच्या डुलुथमध्ये सपाट जमीन अशी फक्त बंदरावर, बाकी सगळं शहर चढणीला टेकलेलं. तिचे गुडघे संध्याकाळपर्यंत पावासारखे फुगायचे.

मिसेस हेगलंड शहाऐंशी वर्षांच्या. आदल्या नोव्हेंबरात दारातल्या बर्फावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. नवरा ऑरिन जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बंदरावर धान्याच्या ट्रकांचं वजन करायचा जो काटा होता, त्या काट्यावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. भरलेला ट्रक किती, रिकामा किती, हे मांडून काचेखालच्या फटीतून ड्रायव्हरला चिठ्ठी सरकवायची. ती नोकरी सुटली तरी वजन-मापाचा स्वभाव काही सुटला नव्हता.

मिसेस हेगलंड बाजार बुधवारीच आणायला लावायच्या, कारण दुकानाचं सवलतीचं नवं पत्रक बुधवारी निघायचं. पिशव्या आल्या की खिडकीपाशी टेबलावर पत्रक पसरायचं, शेजारी पावती, हातात भिंग आणि पेन्सिल. एकेक ओळ बघून खूण करायची. पाऊण तास सहज जायचा. डार्ला तोवर चादरी बदलायची.

त्या बुधवारी पत्रकात लोणी तीन नव्व्याण्णवला होतं आणि पावतीवर चार एकोणऐंशी लागलं होतं.

"ऐंशी सेंट जास्त घेतले," मिसेस हेगलंड म्हणाल्या. "जाताना घेऊन येशील ना परत?"

डार्लाने पुढच्या बुधवारचं सुचवून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या की आठवडाभराने शिळी पावती घेऊन गेलं तर कोण ऐकून घेईल. म्हणून ती गेली.

दुकानात शिरल्या शिरल्या उजवीकडे चौकशीचं काउंटर होतं. लॉटरीची तिकिटं, टपालाचे स्टॅम्प, परत केलेल्या वस्तू, सगळं तिथेच. काउंटरमागे बेव्ह नावाची साठीची बाई, चष्म्याला दोरी, मनगटाला क्रेप बँडेज. डार्ला अर्धा तास पैसे परत मागायचं वाक्य मनात घोकत आली होती, तरी तोंडातून निघालं ते भलतंच. आधी ती सॉरी म्हणाली, मग पुन्हा सॉरी म्हणाली, आणि मग पावती पुढे केली. बेव्हने गल्ल्याला कुलूप लावलं, आणि ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, दुधालोण्याच्या कपाटापर्यंत, किमतीची चिठ्ठी बघायला निघून गेली. मागे रांग वाढत गेली. पाच माणसं झाली. त्यातल्या रस्तादुरुस्तीच्या नारिंगी जाकिटातल्या एकाने किती पैशांचा घोळ आहे ते विचारलं. डार्लाने सांगितलं. त्याने खिशातून एक डॉलरची नोट काढून काउंटरवर ठेवली.

"बाई, हा डॉलर घ्या आणि आम्हाला मोकळं करा."

लोक हसले. दुष्टपणाने नाही, आपले दुपारच्या घाईत हसतात तसे. पैसे माझे नाहीत, असं डार्ला म्हणाली, पण ते इतकं हळू की तिचं तिलाच ऐकू गेलं असेल. बेव्ह परत आली, तिने ऐंशी सेंट मोजून दिले. तो डॉलर काउंटरवर तसाच पडून होता. डार्ला मान खाली घालून बाहेर पडली आणि दुपारच्या घरी बारा मिनिटं उशिरा पोचली. एजन्सीत त्याची नोंद झाली.

डार्ला तशी भित्री नव्हती. इस्पितळात डॉक्टरशी भांडून तिने लोकांना गादी बदलून दिली होती. अंगावर धावून येणाऱ्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांना शांतपणे अंघोळी घातल्या होत्या. पण 'तुम्ही माझ्याकडून ऐंशी सेंट जास्त घेतलेत' एवढं म्हणायला तिची जीभ उचलत नसे. ती उत्तरेकडच्या खाणीच्या गावात वाढलेली. एका वर्षी संपात खाण आठ महिने बंद होती, तेव्हा घरचं सगळं उधारीवर चालायचं. आई तिला किराण्याच्या दुकानात पाठवताना बजावायची की दुकानदार देईल ते घ्यायचं, वर तोंड करून काही विचारायचं नाही. विचारलं की लोकांना कळतं आपल्याकडे नाही ते. पुढे उधारी फिटली, आई गेली, खाणही गेली. तोंड मात्र वर व्हायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या वेळी कॉफीचे साठ सेंट निघाले. डार्ला दुकानाच्या आवारात गाडी लावून बसली. आत रांग दिसत होती. हीटर चालू ठेवून ती पाच मिनिटं बसली, मग तिने गाडीतल्या चिल्लरीतून साठ सेंट वेगळे काढून कोटाच्या खिशात टाकले आणि गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी ते मिसेस हेगलंडच्या टेबलावर ठेवले.

"दिले का त्यांनी?"

"दिले."

"काय म्हणाले?"

"सॉरी म्हणाले."

तेवढ्याने भागलं असतं तर बरं होतं. पण बुधवारी चुका निघायच्याच. आणि पैसे टेबलावर ठेवले की मिसेस हेगलंडना सगळं ऐकायचं असे. कोण होतं, काय म्हणालं, शेल्फपाशी जाऊन बघितलं की नाही. दिवसभरात त्यांच्याशी बोलायला दुसरं होतं कोण? डार्लाने बेव्हचं नाव सांगितलं, बँडेज सांगितलं. मग बेव्ह काय बोलली तेही सांगायला लागली. एकदा मिसेस हेगलंडची रात्र वाईट गेली होती, सकाळी केस विंचरून घ्यायलाही नको म्हणत होत्या, तेव्हा डार्ला सहज बोलून गेली, "बेव्ह म्हणत होती, मिसेस हेगलंडची नजर म्हणजे नजर आहे. आमच्या ऑफिसात हवी होती."

मिसेस हेगलंडच्या गालांवर रंग आला. त्या दिवशी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं.

तेव्हापासून बेव्ह दर आठवड्याला काही ना काही बोलू लागली. डार्लाला ते जड जात होतं. एकतर एजन्सीचा नियम होता की पेशंटला आपला पैसा द्यायचा नाही, पेशंटचा घ्यायचा नाही. कळलं असतं तर नोकरी गेली असती. आणि रक्कम लहान असली तरी तिच्या पगारातूनच जात होती. कुठे चाळीस सेंट, कुठे सव्वा डॉलर. पण रांगेत उभं राहण्यापेक्षा ते परवडलं, असं ती स्वतःला समजावायची. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला आणखी एक लढाई कुणी सांगितली आहे?

ख्रिसमसला मिसेस हेगलंडनी दोन दिवस खपून आलं-लवंगेची पातळ बिस्किटं केली. पीठ डार्लाने लाटलं, साच्याने कापली त्यांनी, टेबलाला टेकून उभं राहून. एक डबा डार्लाला दिला. दुसऱ्याला लाल फीत बांधली आणि म्हणाल्या, "हा बेव्हला."

डार्ला तो डबा घेऊन दोनदा दुकानाच्या दारापर्यंत गेली. देताना सांगायचं काय? जिला आपण जवळजवळ वर्षभर काही विचारलं नाही, तिच्यापुढे एकदम बिस्किटं ठेवायची? डबा जानेवारीपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर हिंदकळत राहिला. शेवटी दुपारच्या गृहस्थांनी ती बिस्किटं कॉफीत बुडवून खाल्ली. डार्लाने डबा धुऊन, पुसून परत नेला आणि बेव्हने फार आभार मानलेत असं सांगितलं. बाकीची खोटी तिने पचवली होती. हे खोटं घशाखाली गेलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन ती न जेवताच झोपली.

एप्रिलमध्ये व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने मिसेस हेगलंडना वॉकर धरून बाहेर जायची परवानगी दिली.

"आता बुधवारी मीच येते," त्या म्हणाल्या. "बेव्हला भेटायचंय मला."

डार्लाने कारणं सांगायला सुरुवात केली. अजून सावलीत बर्फ आहे. फूटपाथ उखडलाय. दुकानात फार गर्दी असते. असे तीन बुधवार निभावले. मे महिन्यात सरोवरातला बर्फसुद्धा फुटून किनाऱ्याला लागला आणि तिची कारणं संपली. आदल्या दिवशी संध्याकाळी ती बेव्हला सगळं सांगून ठेवावं म्हणून दुकानात गेली. मंगळवारी बेव्हची सुट्टी असते, असं काउंटरवरच्या पोराने सांगितलं.

बुधवारी मिसेस हेगलंडनी निळा कोट घातला, ओठांना किंचित रंग लावला. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि कुठली दुकानं बंद पडली ते सांगत होत्या.  सिग्नलला थांबल्यावर डार्लाने एकदा तोंड उघडलंही, पण मागच्या गाडीने हॉर्न वाजवला आणि ते राहूनच गेलं.

काउंटरपाशी रांग नव्हती. मिसेस हेगलंड वॉकर ढकलत सरळ तिथे गेल्या.

"तुम्हीच बेव्ह ना? मी आर्लिस हेगलंड."

बेव्हने मान वर केली. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं ती हसली. "बोला ना. काय हवं होतं तुम्हाला?"

"ती बिस्किटं..." मिसेस हेगलंडनी सुरुवात केली, आणि त्या थांबल्या. बेव्हच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणही नव्हती. त्यांनी वळून डार्लाकडे पाहिलं. डार्ला भिंतीवरचा स्टॅम्पच्या दरांचा तक्ता वाचत होती.

एकतीस वर्षं मिसेस हेगलंडनी काचेतून ड्रायव्हरांचे चेहरे पाहिले होते. कोणाच्या ट्रकात गव्हाखाली ओली माती आहे, ते काटा बोलायच्या आधी चेहरा सांगायचा. त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"स्टॅम्पचं एक पाकीट द्या," त्या बेव्हला म्हणाल्या.

स्टॅम्प घेऊन त्यांनी पर्समध्ये ठेवले. मग दोघींनी बाजार केला. डार्ला ट्रॉली ढकलत होती, मिसेस हेगलंड बोटाने दाखवत होत्या. मुरवलेली हेरिंग मासळी, राय धान्याचे कुरकुरीत पाव, अंडी, कॉफी.  गल्ल्यावर वस्तू एकेक करून आवाज करत पुढे सरकू लागल्या आणि गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या पडद्यावर आकडे उमटू लागले. कॉफी पत्रकात सात नव्व्याण्णवला होती. पडद्यावर नऊ एकोणपन्नास आलं.

डार्लाने ते पाहिलं. मिसेस हेगलंडनीही पाहिलं, कारण वॉकरच्या दांडीवरची त्यांची बोटं आवळली गेली. त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं, मग मागे. मागे एक बाई कडेवरचं रडतं मूल सांभाळत उभी होती, तिच्यामागे दोन माणसं.

"सगळं मिळालं ना?" गल्ल्यावरच्याने विचारलं.

मिसेस हेगलंडनी तोंड उघडलं. मान आणि गळा लाल झाला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "मिळालं सगळं."

आणि त्यांनी पैसे दिले.

गाडीत बसल्यावर डार्लाने किल्ली लावली, पण फिरवली नाही. 

"दीड डॉलर," मिसेस हेगलंड म्हणाल्या.

"बघितलं मी."

"मला बोलताच आलं नाही."

 मग मिसेस हेगलंड स्वतःशी बोलावं तसं बोलू लागल्या. आयुष्यभर परत मागायला ऑरिन जायचा. तो काउंटरशी बोलायचा आणि त्या दाराजवळ उभ्या राहून शुभेच्छापत्रं चाळायच्या, आपण त्याच्याबरोबर नाही असं दाखवत. काट्यावर त्यांना कुणाचं भय वाटलं नाही, पण तिथे मध्ये काच होती, आणि धान्य दुसऱ्याचं होतं. ऑरिन गेल्यावर त्या चुका नुसत्या वहीत लिहून ठेवायच्या. मग डार्ला आली.

"किती दिलेस तू आजपर्यंत?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. एक्केचाळीस डॉलर पंधरा सेंट. पहिले ऐंशी खरे धरले तर चाळीस पस्तीस." त्यांनी पर्स उघडली.

"नकोत मला."

"तुझे आहेत ते."

"नकोत म्हणते ना, मिसेस हेगलंड." डार्लाचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "पैशाचं नाही हो काही. मला तिथे पाठवू नका, एवढंच हवं होतं. मी थकून जाते. तुमच्याकडून निघते तेव्हा दोन वाजेपर्यंत खाली पोचायचं असतं, पोटात काही नसतं, आणि त्या रांगेत उभं राहून ऐंशी सेंट मागायचे. लोक बघतात माझ्याकडे."

"मग सांगायचं होतंस मला."

"तुम्ही वाट बघत असायचात ना. काय झालं, काय म्हणाली. कसं सांगणार?"

मिसेस हेगलंडनी पर्स बंद केली.  

"आणि ती माझ्या नजरेबद्दल म्हणाली ते?"

डार्लाने नकारार्थी मान हलवली.

"हं," त्या म्हणाल्या. "चल घरी."

एजन्सीला त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बुधवारी बाजार आला तेव्हा पत्रक घडीतून निघालंच नाही. पावती त्यांनी न वाचता चुरगाळून कचऱ्यात टाकली. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. भिंग खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहिलं. डार्लाला वाटलं होतं, सुटले एकदाची. पण मिसेस हेगलंड सकाळी दहालाच खुर्चीत डुलक्या काढू लागल्या. जेवायला उठवलं तर वार कोणता ते विचारायच्या. एका शुक्रवारी त्यांनी केस धुवायला ठाम नकार दिला आणि डार्ला न्हाणीघरात कोमट पाण्याची बादली भरून ठेवून पंधरा मिनिटं नुसती उभी राहिली. ह्या कामात तिने हे पाहिलेलं होतं. माणसाचं उरलेलं एक काम काढून घेतलं की ते असंच विझत जातं.

तिसऱ्या बुधवारी तिने कचऱ्यात गेलेली पावती काढून सरळ केली. पत्रक उघडलं आणि चष्मा लावून स्वतः ताळा केला. अंड्यांचे पन्नास सेंट जास्त लागले होते. जाताना ती दुकानात गेली. काउंटरपाशी दोनच माणसं होती, ती जाईपर्यंत थांबली आणि बेव्हला पावती दाखवायच्या ऐवजी तिने तिला सगळी हकीकत सांगून टाकली. चिल्लर, खोटी वाक्यं, लाल फितीचा डबा, सगळं. काउंटरवर कोपरं टेकून ती बोलली.

बेव्हने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे माझ्या नावाची बिस्किटं दुसऱ्यानेच खाल्ली?"

"हो."

"चांगली होती?"

"फार चांगली होती."

बेव्ह थोडीशी हसली. मग तिने सांगितलं की बुधवारी चुका होणारच. शेल्फवरच्या चिठ्ठ्या रात्री इथली माणसं बदलतात आणि गल्ल्यातले भाव वरच्या ऑफिसातून येतात, कधी दुपारी, कधी गुरुवारी. तिने तीनदा लिहून कळवलं, कुणी लक्ष दिलं नाही. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात. ह्या मनगटाने ती रोज शंभरदा तो गल्ला उघडते. पत्रक आणि पावती दोन्ही आणलीस तर मला शेल्फपर्यंत चालत जावं लागणार नाही, ती म्हणाली, आणि साडेसातला येत जा, तेव्हा इथे चिटपाखरू नसतं. गुरुवारी सकाळी कामावर जाता जाता.

मग पावती बघून तिने पन्नास सेंट दिले. डार्लाने ते मिसेस हेगलंडना नेऊन दिले आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बेव्हची तक्रारही सांगितली.  मिसेस हेगलंड म्हणाल्या की तीनदा लिहिलं म्हणजे ती काही वाईट बाई नाही. पुढच्या बुधवारी त्यांनी आपण होऊन भिंग मागितलं.

तसं ते चालू राहिलं. डार्लाची लाज काही गेली नाही. साडेसातला, रिकाम्या दुकानात, ओळखीच्या बाईपुढेसुद्धा पावती पुढे करताना तिची मान तापायची, आणि ती आधी सॉरी म्हणायची ती म्हणायचीच. तिने ते स्वीकारलं. कधी बेव्हच्या ठिकाणी दुसरं कुणी असलं तर ती सरळ निघून जायची आणि मिसेस हेगलंडना सांगायची की आज नाही जमलं मला. त्या नाराज व्हायच्या. पण पदरचे पैसे तिने पुन्हा घातले नाहीत.

ऑक्टोबरात एका बुधवारी मिसेस हेगलंडनी पावतीवर व्हिनेगरच्या ओळीभोवती गोल केला. दोन एकोणतीस ऐवजी दोन एकोणऐंशी. डार्ला घाईत होती, तिने पावती न बघताच खिशात घातली. गुरुवारी सकाळी बेव्हने ती हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली.

"अगं, हे एकोणतीसच आहे. हा दोन आहे, सात नाही."

डार्लाने पाहिलं. दोनच होता. पुसटही नव्हता, स्वच्छ छापलेला.

चढण चढताना तिने गाडीत चिल्लर असते तिकडे एकदा हात नेला होता, असं तिने मला नंतर सांगितलं. पन्नास सेंट ठेवायचे आणि गप्प बसायचं. कुणाचं काय बिघडलं असतं? मिसेस हेगलंडकडे आता नजर आणि हिशेब, हे दोनच उरले होते.

वर गेल्यावर तिने कोट काढला, त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. ती त्यांच्यासमोर कधी बसत नसे.

"मिसेस हेगलंड, काल चूक नव्हती. दोन एकोणतीसच लावले होते त्यांनी."

त्यांनी पावती मागून घेतली. खिडकीच्या उजेडात भिंग धरलं. पुढे मागे केलं. डोळे मिटून पुन्हा उघडले. हे खूप वेळ चाललं.

"मला अजून सातच दिसतोय," त्या शेवटी म्हणाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मधल्या भागाची नजर जातेय असं सांगितलं. भिंगाने फार दिवस भागणार नव्हतं.  मग बुधवार आला. बाजार जागेवर लावून झाल्यावर डार्ला टेबलापाशी आली, तिने बूट काढले, दुसऱ्या खुर्चीवर पाय वर घेतले आणि पावती वाचायला लागली. राय धान्याचा पाव, तीन एकोणचाळीस. मिसेस हेगलंड डोळे मिटून ऐकत होत्या. आकडा कानावर पडला की त्यांना पत्रकातला आकडा आठवायचा, डार्लाने तो सकाळीच वाचून दाखवला होता. बरोबर असलं की त्या टेबलावर बोट आपटायच्या. दूध. बटाटे. हेरिंग. बोट आपटत गेलं.

"कोबी, एक एकोणसत्तर."

बोट आपटलं नाही.

"एक एकोणपन्नास होता."

"हो. वीस सेंट."

मिसेस हेगलंड खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बाहेर सरोवरावर धुकं होतं, त्यात एक बोट भोंगा वाजवत बंदरात येत होती. त्यांना ती दिसत असेल की नाही, कोण जाणे.

"उद्या बेव्ह आहे का?"

"आहे."

"तुझे पाय कसे आहेत आज?"

"दुखतायत," डार्ला म्हणाली.

"मग असू दे ह्या वेळी," त्या म्हणाल्या. "पुढचं वाच."

डार्लाने पावतीवर बोट ठेवलं आणि पुढची ओळ वाचली. ओट्सचा डबा, चार दहा.